‘खुखरी’ इतक्या संथ वेगाने का चालली होती?

१/ ९ डिसेंबर १९७१. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. दीवच्या किनाऱ्यापासून पस्तीस-चाळीस नॉटिकल मैलांवर ‘आयएनएस खुखरी’ या भारतीय फ्रिगेटच्या तळाखाली पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’चा टॉर्पेडो फुटला आणि अवघ्या काही मिनिटांत जहाज समुद्रात नाहीसे झाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, असे १९४ जण त्यासोबत गेले. ६७ वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना.

२/ दर डिसेंबरात ही कथा समाजमाध्यमांवर फिरते आणि जवळपास प्रत्येक वेळी एकाच चित्रापाशी थांबते. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला देतात, माणसांना पाण्यात उड्या मारायला लावतात आणि स्वतः जहाजाच्या ब्रिजवर बसून राहतात. वाचलेल्या सहकाऱ्यांनीच हे सांगितले आहे. ते खरे मानण्यास काहीच अडचण नाही. मुल्ला यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, ते सर्वार्थाने योग्यच होते.

अडचण पुढे आहे. कथा त्या चित्रापाशी थांबली की जहाज त्या जागी, त्या वेगाने, तशा साधनांनिशी का होते हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. मराठीतील बहुतेक लेखनात तो आढळत नाही. जिथे आढळतो, तिथे प्रतिक्रियांत कोणीतरी विचारतेच, की हुतात्म्यांविषयी शंका घ्यायची का? हा धागा त्या आक्षेपासाठी आहे.

३/ आधी जहाज समजून घ्यावे लागेल. ‘खुखरी’ ब्रिटिशांच्या ब्लॅकवुड वर्गातील होती. इंग्लंडमधील काउज येथे तिची बांधणी झाली आणि १९५८ साली ती भारतीय नौदलात आली. ‘किरपाण’ आणि ‘कुठार’ या तिच्या भगिनी नौका. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमध्ये मालवाहू ताफ्यांना पाणबुड्यांपासून वाचवण्यासाठी लहान संरक्षक जहाजांची फौज लागली होती. तोच अनुभव मनात ठेवून, पुन्हा तशी वेळ आली तर स्वस्तात आणि झटपट बांधता यावे, म्हणून हा वर्ग आखला गेला. सुमारे १,२०० टनांचे जहाज, एकच पंखा, ४० मिलिमीटरच्या तीन तोफा आणि पाणबुडीवर डागण्यासाठी ‘लिंबो’ उखळ्या. या उखळ्यांचा पल्ला जेमतेम ९०० मीटर. पाणबुडीला मारायचे तर ती एक किलोमीटरच्या आत यावी लागे, आणि त्याआधी ती कुठे आहे हे कळावे लागे.

४/ समोरची ‘हँगोर’ फ्रेंच बनावटीची, डॅफ्ने वर्गातील. १९६९ अखेर पाकिस्तानी नौदलात आलेली, म्हणजे अवघी दोन वर्षांची. तिचे टॉर्पेडो पंख्याच्या आवाजाचा माग काढत लक्ष्याकडे जाणारे, आणि त्यांचा पल्ला ‘लिंबो’च्या कितीतरी पट. ही तुलना मनात ठेवूनच पुढची हकिगत वाचावी.

५/ युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाले. पण ‘हँगोर’ नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासूनच अरबी समुद्रात होती. तिचे कमांडर अहमद तस्नीम यांच्या सांगण्यानुसार २ डिसेंबरच्या रात्री मुंबईजवळ भारतीय पश्चिमी ताफा तिच्या जवळपास डोक्यावरूनच गेला. ताफ्याची ध्वजनौका ‘म्हैसूर’ ही क्रूझर होती. युद्ध जाहीर झाले नव्हते म्हणून ‘हँगोर’ने टॉर्पेडो सोडला नाही. एका दिवसाचा फरक पडला असता तर या युद्धाचे सागरी पर्व कदाचित वेगळ्याच वाक्याने सुरू झाले असते.

६/ नंतरची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या लहानशा क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. त्यांच्या सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही पाणबुडीविरोधी जहाजे होती. (यातील ‘कच्छल’ हे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येईल.) पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली आणि तिच्यावरील दोनशेहून अधिक माणसे मेली. आपल्यावर क्षेपणास्त्र आले हेही त्यांना उमगले नाही. विमानाने हल्ला केला, असा संदेश त्यांनी धाडला होता. ८ डिसेंबरच्या रात्री कराचीवर दुसरा हल्ला झाला. ४ डिसेंबर हा नौदल दिन ठरला तो याच पराक्रमामुळे. २०२३ साली तो मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला.

‘खुखरी’ बुडाली ती दुसऱ्या हल्ल्याच्या लगेच पुढच्या रात्री. नौदल दिनाच्या भाषणांत पाच दिवसांनी येणाऱ्या या तारखेचा उल्लेख ओझरताच होतो.

७/ सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत पाणबुडीच्या बिनतारी संदेशाचा सुगावा लागला. मुंबईत व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्या पश्चिमी नौदल कमांडपुढे धोका स्पष्ट होता. कराचीकडे जाणारा-येणारा मार्ग याच पाण्यातून होता आणि एक पाणबुडी तो सगळा अडवू शकत होती. तिला शोधून मारण्याचे काम चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनकडे आले. त्यातील ‘कुठार’ यंत्रकक्षातील दुर्घटनेमुळे आधीच निकामी झाली होती. उरल्या दोन. ‘खुखरी’ आणि ‘किरपाण’ मुंबईहून निघाल्या. मुल्ला हे ‘खुखरी’चे कप्तान होते, शिवाय संपूर्ण स्क्वाड्रनचे प्रमुखही.

८/ आता पाण्याखालचे शास्त्र. त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याच्या आसपास विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणत्याही पोराला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट लागते आणि खोल सूर मारला की अचानक गारठा बोचतो. समुद्रातही असेच थर असतात. ध्वनी गरम पाण्यात जलद जातो, थंड पाण्यात सावकाश. म्हणून तो थंड थराकडे वाकतो. जहाजाने सोडलेला सोनारचा ध्वनी सरळ न जाता खाली वळतो आणि थोड्याच अंतरापलीकडे असा पट्टा तयार होतो, जिथे तो पोचतच नाही. पाणबुडी त्या पट्ट्यात निवांत राहू शकते. ब्रिटिश सोनार उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी घडवलेले होते. आपल्या उष्ण समुद्रात त्यांचा पल्ला फारच आक्रसत असे.

त्यात आणखी एक विषमता. सोनारचा ध्वनी जाऊन, पाणबुडीवर आदळून, परत यावा लागतो. ऐकणाऱ्या पाणबुडीला मात्र त्याचा एकेरी प्रवास पुरतो. काळोख्या रात्री शेतात बॅटरी घेऊन कोणाला शोधायला निघावे, तसेच हे. शोधणाऱ्याला समोरचा दिसण्याच्या कितीतरी आधी समोरच्याला बॅटरी दिसलेली असते.

९/ ही उणीव नौदलाला ठाऊक होती आणि ती भरून काढण्याचे प्रयत्नही चालू होते. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी एक सुधारणा तयार केली होती. तिची चाचणी ‘खुखरी’वरच चालू होती आणि जैन स्वतः जहाजावर होते. जहाज वेगात असले की त्याच्या पंख्याचा, यंत्रांचा आणि अंगाला घासून जाणाऱ्या पाण्याचा गोंगाट सोनारच्या कानात भरतो. म्हणून नीट ऐकायचे तर हळू चालावे लागते. या चाचणीसाठी ‘खुखरी’चा वेग उतरवून सुमारे १२ नॉट ठेवला होता.

१२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याने जातो, तेवढा. ‘खुखरी’ची क्षमता याच्या दुपटीहून अधिक होती.

१०/ ही माहिती कोणा टीकाकाराने उकरून काढलेली नाही. १९७१ मध्ये पश्चिमी ताफ्याचे मोहीम अधिकारी असलेले आणि पुढे नौदलाचा इतिहास लिहिणारे व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनीच या प्रयोगाची हकिगत नोंदवली आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात वाचलेल्यांच्या आठवणी एकत्र केल्या. प्रश्न विचारणारी पहिली माणसे गणवेशातलीच होती, हे प्रतिक्रियांत संतापणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

११/ पाकिस्तानी बाजू सांगते, की ९ तारखेच्या सकाळीच ‘हँगोर’ला दोन जहाजांचा माग लागला होता. पाठलाग जमला नाही, कारण पाण्याखाली पाणबुडीचा वेग अपुरा पडतो. मग तिने त्यांच्या गस्तीचा नमुना ओळखला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या वाटेवर जाऊन थांबली. अंधारात पेरिस्कोपमधून काही दिसेना, तेव्हा ती खोल गेली आणि निव्वळ ध्वनीच्या आधारे नेम धरला. पहिला टॉर्पेडो ‘किरपाण’वर सोडला. तो न फुटताच खालून निघून गेला. दुसरा ‘खुखरी’ला लागला. तिसरा पुन्हा ‘किरपाण’च्या मागे गेला.

‘खुखरी’ने पाणबुडीचा वेध घेण्याआधीच हे सर्व घडले. ज्या शक्तीसाठी वेगाचा त्याग केला होता, ती त्या रात्री उपयोगी पडली नाही.

१२/ येथे दोन निर्णय वेगळे करायला हवेत. बहुतेक चर्चांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

पहिला : जुनी जहाजे नव्या पाणबुडीवर धाडणे. यात कोहलींवर दोष ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. विमानवाहू ‘विक्रांत’ तिच्या आलिझे विमानांच्या मोठ्या भागासह बंगालच्या उपसागरात होती. पाणबुडीला मोकळे सोडावे तर कराचीची सारी मोहीमच धोक्यात येत होती. १९६५ मध्ये पाकिस्तानी जहाजे द्वारकेवर तोफा डागून गेली होती आणि त्याचा सल नौदलाच्या मनात सहा वर्षे होता. अशा वेळी जे हाताशी असेल ते घेऊन लढणे, हे सेनापतीला करावेच लागते. संरक्षक जहाजाचे कामच हे असते. मोठ्या नौकेवर येणारा वार त्याने स्वतःकडे ओढून घ्यायचा असतो.

दुसरा : त्याच मोहिमेत प्रयोग चालू ठेवणे. याचे समर्थन फार अवघड आहे. शांततेच्या काळात, आपल्याच पाणबुडीशी सराव करताना १२ नॉटने चालणे ही चाचणी असते. शत्रूची पाणबुडी याच चौकोनात आहे, असे सांगून ज्या जहाजाला पाठवले, त्याच्यासाठी तोच वेग हा जुगार असतो. कदाचित तो जाणीवपूर्वक खेळलेला जुगार असेल : पल्ला वाढला तर पाणबुडी सापडेल, नाहीतर वेगात राहूनही ती सापडणार नाहीच. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण तो कोणी केला, कोणत्या पातळीवर मान्य झाला, आणि धोका वाढल्यास प्रयोग थांबवायचा अधिकार कोणाकडे होता, हे स्पष्ट व्हायला हवे.

१३/ या प्रश्नाचा एक धागा जहाजाच्या ब्रिजपर्यंतही पोचतो. समुद्रावर जहाजाचा वेग अखेर कप्तानाच्या हुकुमाने ठरतो. हा प्रश्न टाळला जाण्याचे खरे कारण बहुधा हेच असावे. मुल्लांविषयीचा आदर कमी होईल, अशी भीती वाटते.

ती भीती अनाठायी आहे. वरून आलेल्या सूचना आणि आपल्या जहाजाची सुरक्षितता यांच्या कात्रीत सापडलेला आणि तरीही शेवटच्या मिनिटांत स्वतःचे जाकीट दुसऱ्याला देणारा माणूस हा जाकिटाच्या चित्रातल्या माणसापेक्षा अधिक खोल आहे, आणि अधिक खराही. जैन यांचेही तसेच. स्वतःच्या उपकरणावर इतका विश्वास, की ते घेऊन थेट शत्रूच्या पाण्यात गेले, आणि जहाजासोबतच संपले. त्यांना खलनायक करणे क्रूरपणाचे होईल. त्यांचे नावच न घेणे हेही फारसे वेगळे नाही.

१४/ ‘किरपाण’विषयी थोडेसे. ‘खुखरी’ बुडाल्यावर ती तिथे थांबली नाही, दूर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ आली, तेव्हा वाचलेल्यांना पाण्यातून उचलले गेले. रात्रभर समुद्रात तरंगणाऱ्यांच्या दृष्टीने हे भयंकर होते आणि काहींच्या मनातील कडवटपणा कायम राहिला. पण येथे इतिहास ‘किरपाण’च्या बाजूने साक्ष देतो. २२ सप्टेंबर १९१४ रोजी उत्तर समुद्रात एका जर्मन पाणबुडीने ‘अबुकीर’ ही ब्रिटिश क्रूझर बुडवली. माणसे वाचवायला ‘होग’ थांबली, ती बुडाली. मग ‘क्रेसी’, तीही. तासा-दीड तासात सुमारे १,४५० माणसे गेली. त्यानंतर प्रत्येक नौदलाने एकच धडा गिरवला : पाणबुडी जवळ असताना थांबलेले जहाज म्हणजे पुढचे लक्ष्य. ‘किरपाण’च्या कप्तानाला पळपुटा म्हणणाऱ्यांनी हा दिवस आधी वाचावा.

१५/ पुढचे काही दिवस भारतीय जहाजांनी आणि विमानांनी ‘हँगोर’चा माग काढला. १० डिसेंबरला एक आलिझे विमान पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले. त्यातील तिघेही गेले. ‘हँगोर’ सुखरूप कराचीला पोचली. पाकिस्तानात ९ डिसेंबर हा ‘हँगोर दिन’ म्हणून पाळला जातो आणि ती पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवली आहे. तिकडच्या तरुणांना खैबरवरील माणसांविषयी किती सांगितले जाते, हा त्यांचा प्रश्न. इकडचा प्रश्न इकडच्यांनीच सोडवायचा.

१६/ आणि मराठी वाचकाला हा प्रश्न अवघड वाटण्याचे खरे तर काहीच कारण नाही. १४ जानेवारी १७६१ पासून मराठी माणूस पानिपताची चर्चा करतो आहे. भाऊसाहेबांनी यात्रेकरूंचा लवाजमा सोबत का घेतला, सूरजमल जाट का दुरावला, गनिमी कावा सोडून तोफखान्याच्या भरवशावर का राहिले, रसद तुटेपर्यंत का थांबले? बखरकारांनी हे विचारले, त्र्यं. शं. शेजवलकरांनी पुराव्यांनिशी विचारले, आणि गावच्या पारावर आजही विचारले जाते. यातून सदाशिवरावभाऊंचा किंवा विश्वासरावांचा मान उणावला का? उलट, इतका वाद घातला गेला म्हणूनच पानिपत जिवंत राहिले. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार एका पराभवातून आला, आणि तो वापरणारे लोक त्या पराभवाकडे पाठ फिरवून बसले नाहीत.

ज्या समाजाला दोनशे साठ वर्षांपूर्वीच्या सेनापतीची रसदव्यवस्था तपासता येते, त्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या जहाजाचा वेग विचारता येऊ नये, हे विचित्र आहे.

१७/ फरक एकच, आणि तो मोठा आहे. पानिपताची कागदपत्रे उपलब्ध आहेत. पेशवे दफ्तराची निवडक पत्रे छापली गेली, वाद घालणाऱ्याला ती उघडता येतात. ‘खुखरी’च्या बाबतीत अभ्यासकाचा मुख्य आधार अजूनही निवृत्त अधिकाऱ्यांची पुस्तके आणि वाचलेल्यांच्या आठवणी हाच आहे. संरक्षण मंत्रालयाने तयार करवलेला १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहाससुद्धा रीतसर प्रकाशित होण्याऐवजी २००० साली वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून लोकांपर्यंत आला.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध-अभिलेखांविषयी नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार अभिलेख साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत, आणि पंचवीस वर्षांहून जुन्या अभिलेखांची तज्ज्ञांकडून छाननी होऊन ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत. ‘खुखरी’ला आता पन्नासहून अधिक वर्षे उलटली आहेत. तिला दिलेले मोहिमेचे आदेश, प्रयोगाविषयीचा पत्रव्यवहार आणि घटनेनंतरच्या चौकशीचे कागद या धोरणाच्या कक्षेत नक्कीच बसतात. त्यात कोणतेही गुपित उरलेले नाही. ते सोनार आणि ती जहाजे कधीच भंगारात गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, अभ्यासमंडळांनी, महाविद्यालयांच्या विभागांनी त्यासाठी रीतसर मागणी करणे हे डिसेंबरातल्या शंभर पोस्टपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

१८/ मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी ‘खुखरी’ १९८९ मध्ये नौदलात आली आणि २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. ती आता दीवला संग्रहालय म्हणून ठेवली आहे. पहिल्या ‘खुखरी’चे स्मारकही दीवलाच, समुद्राकडे तोंड करून उभे आहे. सुट्टीत दीवला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या कमी नाही. त्या संग्रहालयात ९ डिसेंबर १९७१ चा एक नकाशा लावावा : ‘खुखरी’ आणि ‘किरपाण’ यांची वाट, ‘हँगोर’ची वाट, सोनारचा पल्ला, ‘लिंबो’चा पल्ला, टॉर्पेडोचा पल्ला. आणि ‘खुखरी’च्या रेषेवर तिचा वेगही लिहावा.